यंत्राच्या आकड्याखाली सही कोणाची?

नाशिकात औषधांच्या क्लिनिकल ट्रायल चालतात हे बऱ्याच नाशिककरांना ठाऊकच नसतं. सीटीआरआय ही देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही. २००७ साली सुरू झाली, आणि १५ जून २००९ पासून तिच्यात नोंद करणं सक्तीचं आहे. तिच्या संकेतस्थळावर नाशिक असं टाकून शोधा. तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या रुग्णालयाचं नाव एखाद्या परदेशी कंपनीच्या औषधाशेजारी सापडेल.

मी या कामात को-ऑर्डिनेटर म्हणून शिरले. मग पुण्यात एका सीआरओमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठी ट्रायल चालवून देणाऱ्या संस्थेत, डेटा मॅनेजमेंट केलं. आता परत नाशिकात आहे आणि ट्रायलना मंजुरी देणाऱ्या एका एथिक्स कमिटीवर बसते. गेल्या काही वर्षांत आमच्यापुढे येणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या आराखड्यांमध्ये, एआयचा उल्लेख वाढत चाललाय. कधी एक्स-रे वाचायला, कधी डेटा तपासायला, कधी नुसताच शोभेला.

यावर कायदा काय म्हणतो? २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम आमची रोजची पोथी. त्यांत एआयसाठी वेगळं कलम नाही. रुग्णावर वापरायचं सॉफ्टवेअर विकायचं असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागतात, पण कंपनीच्या सर्व्हरवर बसून ट्रायलचा डेटा चाळणारं मॉडेल कोणी विकत नाही, त्यामुळे ते सहसा त्या जाळ्यातून सुटतं. आयसीएमआरने मार्च २०२३ मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. चांगली आहेत, दहा तत्त्वं आहेत, पण ती मार्गदर्शक आहेत, कायदा नव्हे. या मधल्या मोकळ्या जागेत कमिटीला निर्णय द्यावे लागतात. तिथे बसून जे कळलं ते पुढे लिहिते.

१. आकडा कुठून आला हे दाखवता आलं पाहिजे

ओपीडीत मोजलेला रक्तदाब आधी पेशंटच्या फाइलमध्ये पेनाने लिहिला जातो. याला आम्ही सोर्स म्हणतो. तिथून तो कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जातो. कंपनीचा मॉनिटर येऊन दोन्ही ताडून बघतो, जुळलं नाही की क्वेरी काढतो. फाइलमध्ये खाडाखोड करायची तर जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, सही, तारीख, कारण. संगणकातही तोच कायदा: कोणी, कधी, कशासाठी बदललं ते ऑडिट ट्रेलमध्ये राहतं. नवीन को-ऑर्डिनेटरला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो की ट्रायलच्या टेबलावर व्हाइटनरची बाटली दिसता कामा नये.

आता असं समजा की एखादं मॉडेल डेटा ‘स्वच्छ’ करतंय. १८० च्या जागी १३० असणार असं त्याला वाटलं आणि त्याने तसं केलं, किंवा तो आकडा बाजूला काढला. माग राहिला नाही तर ते डिजिटल व्हाइटनरच. माझ्या मते एआयवरचा कुठलाही नियम इथून सुरू व्हायला हवा: शेवटच्या तक्त्यातल्या कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं, तर उलट चालत नाशिकच्या त्या फाइलपर्यंत पोचता आलं पाहिजे.

हे न झाल्याने काय होतं ते २०२० च्या मे महिन्यात जगाने पाहिलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा एक अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये २२ मे रोजी आला. ६७१ रुग्णालयं, ९६ हजारांवर रुग्ण. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीचा डेटा. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ट्रायलमधली त्या औषधाची शाखा थांबवली. मग लोक विचारू लागले, रुग्णालयं कुठली? मूळ डेटा तपासणाऱ्यांना मिळालाच नाही, आणि ४ जूनला लेख मागे घेण्यात आला. विश्लेषण कितीही झकपक असो, मुळाशी फाइल नसेल तर त्याची किंमत शून्य.

२. सगळ्या एआयला एकच माप लावू नये

‘एआय वापरणार’ एवढ्याच वाक्याने घाबरणारे सदस्य असतात आणि तेवढ्यानेच भारावणारेही. दोघांनाही मी एकच विचारते, कशासाठी वापरणार? भेटींच्या तारखांची आठवण करून द्यायला असेल तर चहा घ्या आणि पुढच्या विषयाकडे वळा. औषध लागू पडलं की नाही हे ठरवणारा मुख्य आकडाच मॉडेल काढणार असेल, तर दार लावून बसावं लागेल.

अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या मसुद्यात हीच वाट धरली आहे. मॉडेल नेमक्या कोणत्या प्रश्नासाठी वापरायचं हे आधी लिहा. मग दोन गोष्टी तोला: निर्णयात मॉडेलच्या शब्दाला किती वजन आहे आणि निर्णय चुकला तर रुग्णाचं काय होईल. जोखीम जितकी मोठी तितका पुरावा जास्त. सात पायऱ्या दिल्या आहेत, पण गाभा एवढाच. आपल्याकडे नियम करताना यंत्राच्या जातीवरून करू नयेत, कामावरून करावेत, असं माझं मत आहे. यंत्रं दर सहा महिन्यांनी बदलतात, कामं फारशी बदलत नाहीत.

३. विचित्र दिसणारा पेशंट खोटा असतोच असं नाही

हा मुद्दा मला सर्वांत जवळचा.

मधुमेहाच्या एका ट्रायलमध्ये पेशंटच्या मनगटावर पट्टा बांधायचा होता. पावलं, झोप, नाडी, सगळं थेट सर्व्हरवर. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले एक बाबा होते, साठी ओलांडलेले, भातशेती. एरवी त्यांची पावलं बेताची. जूनमध्ये एका सकाळपासून आकडा उसळला तो खाली येईचना. रोज पहाटे सुरुवात, दुपारी थोडा खंड, संध्याकाळपर्यंत चाल. काही आठवडे असं चालून आकडा एकदम जमिनीवर. कंपनीच्या केंद्रीय तपासणीत बसवलेल्या मॉडेलने लाल निशाण लावलं: पट्टा बहुधा दुसऱ्या कोणी घातला आहे, डेटा अविश्वसनीय. क्वेरी आली की पट्टा पेशंटनेच घातला होता याची खात्री करा, अन्यथा या काळातल्या नोंदी विश्लेषणातून वगळण्याचा प्रस्ताव आहे.

नाशिकात राहणाऱ्या कोणालाही तारीख बघून कळलं असतं. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघाली होती, आणि बाबा दिंडीत होते. आमच्या फाइलमध्ये त्याची नोंदही होती. जाण्याआधी ते गोळ्या न्यायला आले होते, आणि को-ऑर्डिनेटरने लिहून ठेवलं होतं की पेशंट पायी वारीला जात आहे, औषध वेळेवर घेण्याबद्दल सूचना दिल्या, उपास करू नये असं सांगितलं. (“एकादशीचं तेवढं सोडून बोला ताई,” असं बाबा म्हणाले होते. ते फाइलमध्ये नाही.) आम्ही त्या नोंदीची प्रत जोडून उत्तर पाठवलं आणि नोंदी राहिल्या.

पण उत्तर द्यायला माणूस होता, त्याच्याकडे फाइल होती आणि क्वेरी विचारली गेली, म्हणून हे झालं. मॉडेलला थेट वगळायची मुभा असती तर कोणाला कळलंही नसतं. एका बाबांच्या पावलांनी काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते असं: औषधाने बरं वाटू लागलेला माणूस जास्त चालू लागतो. टोकाचे आकडे आपोआप गाळणारं यंत्र अशांनाच आधी गाळणार, आणि ते ज्यांना खरं औषध मिळालं त्या गटातून जास्त गाळले जाणार. चिठ्ठ्या टाकून दोन्ही गट सारखे करण्याचा आपला सगळा खटाटोप मग पाण्यात.

म्हणून कमिटीत मी एक अट सुचवते. मॉडेलने शंका घ्यावी, खुशाल घ्यावी. पण कोणाचीही नोंद वगळायची तर आधी त्या केंद्राला विचारायचं, कारण लिहायचं, आणि कोणाला कुठलं औषध मिळालं ते उघड होण्याआधी एका माणसाने नावानिशी निर्णय घ्यायचा.

४. मॉडेल कोणाच्या रक्तावर शिकलं ते विचारावं

एचबीए१सी हा मधुमेहाच्या ट्रायलचा राजा. गेल्या सुमारे तीन महिन्यांतली साखर तो सांगतो, कारण लाल पेशींना चिकटलेली साखर तो मोजतो. पण त्यात एक गृहीत आहे, लाल पेशी नेहमीइतक्या जगतात हे. सिकलसेलच्या आजारात त्या लवकर मरतात, आणि एचबीए१सी खोटाच कमी दिसतो. नुसत्या वाहकांमध्येही तो खऱ्यापेक्षा खाली दिसू शकतो. लोहाच्या कमतरतेने नेमकं उलट होतं, आकडा वर सरकतो. आपल्या भागात हे दोन्ही आहे. नाशिकच्या रुग्णालयांत पेठ-सुरगाण्यापासून थेट नंदुरबारपर्यंतचे आदिवासी पेशंट येतात, आणि लोह कमी असलेल्या बायका तर प्रत्येक ओपीडीत.

बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ‘हिमोग्लोबिनचे विकार असलेले वगळा’ असं एक वाक्य असतं. ते ओळखण्यासाठी लागणारी तपासणी मात्र मागितलेली असतेच असं नाही. एखादा कसलेला डॉक्टर ग्लुकोमीटरचे आकडे आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नाही म्हणून थबकतो. जिथे हे विकार दुर्मीळ आहेत अशा लोकांच्या डेटावर शिकलेलं मॉडेल कशाला थबकेल? त्याला एक तर ग्लुकोमीटरचे आकडे चुकीचे वाटतील, किंवा औषधाचा गुण जास्त वाटेल.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की रुग्णाची गरज ओळखण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक गणनपद्धत काळ्या रुग्णांना खऱ्यापेक्षा कमी आजारी ठरवत होती. कारण साधं होतं. आजाराच्या जागी तिला आजारावरचा खर्च शिकवला होता, आणि काळ्या रुग्णांवर मुळातच खर्च कमी होत होता. यंत्राने कोणाचा द्वेष केला नाही. जे दिलं ते शिकलं.

म्हणून प्रश्न ‘अचूकता किती टक्के’ असा विचारू नये. कोणावर तपासली, तिथे भारतीय किती, आदिवासी किती, बायका किती, असं विचारावं. उत्तर बहुधा येत नाही. न आलेलं उत्तरही इतिवृत्तात लिहून ठेवावं, असा माझा हट्ट असतो.

५. न आलेला पेशंटही काही सांगत असतो

जानेवारी ते एप्रिल निफाड-दिंडोरीत द्राक्षाचा हंगाम. त्या दिवसांत पेशंटला भेटीला बोलवून बघा. बागवाला माल सोडून येत नाही, आणि पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेला माणूस रोज बुडवून येत नाही. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरातले रस्तेच बंद होते, भेटी हुकल्या. आता २०२६-२८ चा सिंहस्थ आहे, आणि परदेशात बसून प्रोटोकॉल लिहिणाऱ्याच्या कॅलेंडरात तो असायचं कारण नाही.

अशा रिकाम्या जागा भरायला हल्ली मॉडेल वापरतात. ती आजूबाजूचे आकडे बघून न आलेल्या दिवसाचा आकडा सुचवतात, आणि बऱ्याचदा छान सुचवतात. पण मजुरीमुळे न आलेला, बरं वाटतंय म्हणून न आलेला आणि औषध सोसत नाही म्हणून न आलेला, हे तिघे डेटात सारखेच दिसतात. तिसऱ्याची जागा पहिल्याच्या हिशेबाने भरली की औषध आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतं. न येण्याचं कारण को-ऑर्डिनेटरला फोनवर कळतं. ते लिहायला फॉर्ममध्ये जागा हवी आणि मॉडेलला ते वाचायची सक्ती हवी. संख्याशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत, आयसीएच ई९ मध्ये, २०१९ ची एक पुरवणी आहे. पेशंटने औषध सोडलं किंवा बदललं तर काय मोजायचं हे आधीच ठरवा, असं ती सांगते. एआयसाठी नवं काही शोधायला नको, हीच पुरवणी मॉडेलला लावा.

६. कुलूप आधी, निकाल नंतर

संख्याशास्त्रज्ञ विश्लेषणाचा आराखडा निकाल उघडण्याआधी लिहून सही करतो. नंतर हवा तसा निकाल येईपर्यंत गणित बदलत बसू नये म्हणून. मॉडेललाही हेच. कोणतं व्हर्जन, कोणती तारीख, ते लिहून गोठवायचं. युरोपच्या औषध संस्थेने, ईएमएने, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारलेल्या निवेदनात निर्णायक टप्प्यातल्या ट्रायलबद्दल हेच म्हटलं आहे: मॉडेल आधी पक्कं करा, ट्रायल चालू असताना त्याला शिकवत बसू नका. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही, म्हणून पुढे जाते.

७. यंत्राची बाजूही घ्यावी लागते

इतकं वाचून मी एआयच्या विरोधात आहे असं वाटलं असेल. नाही. माणसांनी केलेले घोळ मी जास्त पाहिलेत. रक्तदाबाचे आकडे शून्यावरच संपणारी केंद्रं असतात: १२०, १३०, १४०, जणू पाऱ्याला मधल्या पायऱ्याच नाहीत. हे डोळ्याने पकडायला महिने लागतात. मॉडेल एका दुपारी दाखवून देतं.

जानेवारी २०१५ मध्ये ईएमएने हैदराबादच्या जीव्हीके बायोसायन्सेसमध्ये झालेल्या अभ्यासांवर आधारलेल्या सुमारे ७०० औषधांची परवानगी स्थगित करण्याची शिफारस केली. फ्रान्सच्या तपासनीसांना तिथे ईसीजीत फेरफार झालेला आढळला होता, आणि ईएमएच्या म्हणण्यानुसार तो किमान पाच वर्षांचा प्रकार होता. एकासारखा एक ईसीजी ओळखणं हे यंत्राचं हुकमी काम. त्या काळी असं काही चालू असतं तर पाच वर्षं लागली नसती, असं मला वाटतं.

आणि मार्च २०२५ मध्ये ईएमएने पहिल्यांदाच ट्रायलमध्ये वापरायच्या एका एआय साधनाला पात्रता दिली. एआयएम-नॅश असं त्याचं नाव. चरबीमुळे सुजलेल्या यकृताच्या बायोप्सी वाचायला ते मदत करतं. एकाच काचपट्टीवर दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होत नाही ही या आजाराच्या ट्रायलमधली जुनी डोकेदुखी. हे साधन ५९ पॅथॉलॉजिस्टनी पाच हजारांवर बायोप्सींवर केलेल्या एक लाखाहून जास्त खुणांवरून शिकलं. पात्रता देताना मॉडेल गोठवलेलं आहे, आणि अहवाल शेवटी पॅथॉलॉजिस्टचाच. नियमन म्हणजे अडवणूक असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण बघावं. काम ठरलेलं, पुरावा मोजलेला, मालक माणूस. परवानगी मिळाली.

८. चोवीस तासांचं घड्याळ यंत्राकडे देऊ नये

ट्रायलमधल्या पेशंटला काही गंभीर झालं तर इन्व्हेस्टिगेटरने, म्हणजे ट्रायल करणाऱ्या डॉक्टरने, चोवीस तासांत केंद्रीय नियामक, कंपनी आणि एथिक्स कमिटी, तिघांना कळवायचं असतं. रुग्णालयात भरती व्हावं लागलं की घटना गंभीर. आता आपल्याकडची रीत बघा. अशक्तपणा वाटला की गावच्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून घेतात. कोणी दोन तासांत घरी, कोणी रात्रभर तिथेच. एका ट्रायलमध्ये फोनवरच्या नोंदी वाचून गंभीर-साधं अशी वर्गवारी सॉफ्टवेअर करत होतं. एका मावशींची ‘गावात सलाईन घेतलं’ ही नोंद त्याने साध्यात टाकली. को-ऑर्डिनेटरने सवयीने मावशींना पुन्हा फोन केला तेव्हा कळलं, त्या दोन रात्री तिथे खाटेवर होत्या. तिथून पुढे धावपळ. वर्गवारीत मदत घ्या, पण ‘साधं’ म्हणून बाजूला टाकलेला ढीग रोज एका माणसाने वाचलाच पाहिजे.

९. पैशाला हात लावणाऱ्या मॉडेलवर सर्वांत कडक नजर हवी

हे फार कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर.

ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई किती, याचं सूत्र २०१९ च्या नियमांच्या सातव्या अनुसूचीत आहे. मूळ रक्कम आठ लाख. तिला वयाच्या गुणकाने गुणायचं, मग जोखमीच्या गुणकाने, आणि ९९.३७ ने भागायचं. वयाचा गुणक तक्त्यातून येतो: सोळा किंवा त्याखालच्याला २२८.५४, पासष्ट किंवा त्यापुढच्याला ९९.३७. जोखमीचा गुणक ०.५ ते ४. सहा महिन्यांहून जास्त जगण्याची अपेक्षा नव्हती त्याला ०.५, सहा ते चोवीस महिने अपेक्षा असलेल्याला १, मध्यम जोखमीला २, कमी जोखमीला ३, धडधाकट माणसाला ४.

हेही एक प्रकारचं अल्गोरिदमच. पण किती सभ्य! पेन्सिल-कागदावर करता येतं. चाळीस वर्षांच्या माणसाचा वयाचा गुणक १८४.१७. जोखीम २ धरली तर सुमारे २९ लाख ६५ हजार. जोखीम १ धरली तर १४ लाख ८३ हजार. एका आकड्याच्या फरकाने घराची अर्धी भरपाई जाते.

आता हा जोखमीचा गुणक कशावरून ठरतो? ट्रायलमध्ये घेताना आजार किती वाढलेला होता, सोबत काय काय होतं, यावरून. उद्या एखाद्या कंपनीने म्हटलं की आमचं मॉडेल भरतीच्या वेळच्या डेटावरून आयुर्मानाचा अंदाज देतं, आणि त्यानुसार हा पेशंट दोन वर्षं जगणार नव्हता, तर? किंवा मृत्यूचा औषधाशी संबंध आहे का, हे ठरवायला मॉडेलचा गुण पुढे केला, तर? आमची कमिटी मत देते, मृत्यूच्या प्रकरणी तज्ज्ञ समिती बसते, आदेश केंद्रीय नियामकाचा असतो. या सगळ्यांपुढे एक सुबक टक्केवारी आली की माणसं तिला वचकतात, हे मी इतर बाबतींत पाहिलंय. एक हाडाचा डॉक्टर ‘संबंध असावा’ म्हणत असतो आणि पडद्यावर १२ टक्के दिसतात.

माझं मत स्पष्ट आहे. संबंध आणि जोखीम या दोन प्रश्नांत मॉडेलचं उत्तर पुरावा म्हणून घ्यायचंच असेल, तर ते कसं आलं हे मृताच्या घरच्यांच्या वकिलाला तपासता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर कमिटीच्या टेबलावर ते येऊच नये. पेन्सिलीने करता येणाऱ्या सूत्रात न उलगडणारा गुणक घालायची परवानगी कुठल्याही नियमाने देऊ नये.

१०. संमतिपत्रकात दोन ओळी जास्त

सिन्नरच्या एका पेशंटने सही करताना विचारलं होतं, “ताई, माझी फाइल तिकडं कोण वाचतं?” तेव्हा उत्तर सोपं होतं: मॉनिटर, ऑडिटर, नियामक. आता उत्तरात मॉडेलही येतं, आणि पुढचा प्रश्नही येतो: माझ्या डेटावर शिकून कंपनी दुसरं काही बनवणार का? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधनाला आणि सांख्यिकी कामाला ठराविक मानकं पाळल्यास सूट दिली आहे. सूट ट्रायलच्या विश्लेषणाला रास्त आहे. त्याच डेटावर विक्रीचं उत्पादन घडवणं हे संशोधन की धंदा, यावर मात्र नुसत्या सुटीचा आधार घेऊ नये. पेशंट ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडू शकतो. तोवर मॉडेल त्याच्या आकड्यांवर शिकून गेलेलं असतं, ते मागे घेता येत नाही. एवढं संमतिपत्रकात साध्या मराठीत लिहा, आणि दुसऱ्या कामासाठी वापरायला वेगळी चौकट द्या. ‘नाही’ वर खूण केली तरी ट्रायलमध्ये राहता येईल, हेही लिहा. आमच्याकडे यावरून एक प्रोटोकॉल परत गेला आणि सुधारून आला. जगबुडी झाली नाही.

११. सर्वांत चांगले प्रश्न बिनडॉक्टर सदस्य विचारतात

एथिक्स कमिटीत किमान सात माणसं लागतात, त्यांत एक सर्वसामान्य माणूस हवा आणि निम्मे तरी बाहेरचे हवेत. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आहेत. मृत्यूच्या अहवालांचा गोषवारा भाषा-मॉडेलकडून लिहून घेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा डॉक्टर मंडळी अचूकतेबद्दल बोलत होती. गुरुजी म्हणाले, “हाच कागद त्याला उद्या परत दिला तर हेच उत्तर येईल का?” कंपनीच्या प्रतिनिधीला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. ते लेखी आलं, त्यात ‘थोडा फरक पडू शकतो’ असं होतं, आणि प्रत्येक गोषवारा इन्व्हेस्टिगेटरने मूळ फाइलशी ताडून सही करावी ही अट तिथे आली.

अशा प्रश्नांसाठी संगणकशास्त्र यावं लागत नाही, पण कुठे बोट ठेवायचं ते कोणीतरी दाखवावं लागतं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकात आहे, राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. एथिक्स कमिटीच्या सदस्यांसाठी, त्यातही बिनडॉक्टर सदस्यांसाठी, त्याने या विषयाचा एक नेटका मराठी अभ्यासवर्ग सुरू करावा. दिल्लीचा नियम येईल तेव्हा येईल, त्यासाठी थांबायची गरज नाही.

आणि वाचकहो, तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला ट्रायलबद्दल विचारलं गेलं तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच सहीही करू नका. संमतिपत्रक घरी न्या, चार दिवस वाचा. माझा डेटा कोणतं यंत्र वाचणार, आणि त्याने काढलेल्या उत्तराखाली कोणत्या माणसाची सही असणार, एवढं डॉक्टरांना विचारा. सही केल्यावर एक प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यावर एथिक्स कमिटीचा संपर्क दिलेला असतो. तो नंबर एकदा लावून बघा, कोणी उचलतं की नाही ते.